विद्यार्थ्यांचे छत्र : श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु विद्यादान करणे आणि विद्यार्थ्यास तडीस नेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. हुशार मुलाची निवड करावी, त्यास दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, समारंभात त्याच्या गळ्यात हार घालावा, एवढ्याने दात्याचे कर्तव्य संपले असे सामान्यतः मानले जाते. काळ सुरळीत असेल तर ते खपूनही जाते. पण काळ फिरला, युद्ध पेटले, साथ आली, वाटा बंद झाल्या, म्हणजे तोच विद्यार्थी परक्या गावी एकटा पडतो. आणि त्याच्या पाठीशी खरोखर कोण उभे आहे, याची तेव्हाच परीक्षा होते.

या परीक्षेच्या दृष्टीने आम्ही यंदाच्या स्मरणिकेसाठी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे चरित्र निवडले आहे. महाराज आपल्या ज्ञातीत जन्मले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. तथापि नुसत्या अभिमानाने थोर पुरुषांचे ऋण फिटत नाही. त्यांनी काय साधले हे जसे पाहावे, तसेच त्यांच्यासारख्या सत्ताधीशाचाही हात कोठे अपुरा पडला, हेही आदरपूर्वक पाहावे. तरच त्या चरित्रापासून आपणांस काही घेता येईल.

कवळाण्याचा मुलगा

महाराजांचा जन्म इ. स. १८६३ च्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. घरी शेतीभाती, राहणी साध्या पाटीलकीची. मुलाने गुरे पाहावीत, शिवारात हिंडावे, यापलीकडे त्याच्या भविष्याचा विचार करण्याचे कोणास कारण नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पाटीपुस्तकाशी त्याचा परिचय जवळजवळ नव्हताच.

इकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांस इ. स. १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुले आणविण्यात आली. त्यांतून जमनाबाईसाहेबांनी गोपाळरावांची निवड केली, आणि २७ मे १८७५ रोजी हा खेड्यातला मुलगा सयाजीराव या नावाने गादीवर बसला. आपणांस येथे कशासाठी आणले, या प्रश्नाला त्याने दिलेल्या धीट उत्तराची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती आम्ही पुन्हा सांगत नाही.

त्या कथेच्या पलीकडे एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. बारा वर्षांचा मुलगा आईच्या कुशीतून आणि ओळखीच्या शिवारातून एकाएकी उचलला गेला, आणि अनोळखी राजवाड्यात अनोळखी भाषा बोलणाऱ्या माणसांत येऊन पडला. ज्या वयात इतर मुले अक्षरे गिरवून कधीच पुढे गेलेली असतात, त्या वयात त्याला धुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच अंगावर आला. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्यांस लाभले. दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची तत्त्वे व्याख्यानरूपाने शिकविली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अभ्यास, व्यायाम, घोड्यावरची रपेट असा क्रम कित्येक वर्षे चालला. परक्या ठिकाणी एकट्याने शिकणे म्हणजे काय, हे महाराजांनी ग्रंथांतून वाचले नव्हते. ते त्यांनी अनुभविले होते. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जे केले, त्याचे मूळ या सहा वर्षांत आहे, असे आम्हांस वाटते.

विद्येचे राज्य

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती संपूर्ण राज्याधिकार आले. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी बडोदे कॉलेजची स्थापना झाली. नंतर लवकरच, ज्यांस शाळेच्या ओसरीवरही कोणी उभे करीत नव्हते त्या अंत्यज मुलांसाठी, संस्थानात स्वतंत्र शाळा निघाल्या. तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे या शाळांच्या व वसतिगृहाच्या व्यवस्थेसाठी आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस बोलावून आणण्यात आले. राजाची आज्ञा सुटली तरी समाजाचा दरवाजा तेवढ्याने उघडत नाही, हा धडा महाराजांस असा आरंभीच मिळाला होता.

इ. स. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली कलाभवन सुरू झाले. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे त्याच संस्थेत शिकले. इ. स. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करण्यात आला. तो पार पडतो न पडतो तोच छपन्नचा भयंकर दुष्काळ आला. इ. स. १८९१ च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. इतक्या घरांवर काळाने घाला घातला असता दुसऱ्या एखाद्या राजाने शाळांचा खर्च प्रथम छाटला असता. महाराजांनी उलट केले. इ. स. १९०६ मध्ये त्यांनी मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा या वयांपर्यंत सक्तीचे मोफत शिक्षण सर्व संस्थानभर लागू केले. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये असेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढे मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाती होते.

त्याच सुमारास महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला, तेथील शाळा व ग्रंथालये डोळ्यांखालून घातली, आणि इ. स. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास आणून गावोगाव वाचनालये उघडण्याचे काम आरंभिले. ज्यास शाळेत अक्षर मिळाले त्यास पुढे वाचावयास पुस्तकही मिळाले पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार होता. एक पायरी बांधावयाची आणि दुसरी मोकळी सोडावयाची, हे महाराजांच्या स्वभावात नव्हते.

शिष्यवृत्तीचा करार

प्राथमिक शाळेपासून परदेशच्या विद्यापीठापर्यंत ही पायऱ्यांची ओळ महाराजांनी पुरी केली. खासेराव जाधव यांच्यासारख्या आपल्या ज्ञातीतील तरुणास शेतीशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी विलायतेस धाडले. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता घरच्या गरिबीने कोंडीत सापडले होते. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचा हात त्यांस मिळाला, आणि पुढे बडोद्याकडून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. इ. स. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले व नंतर ऑक्सफर्डला जाऊन धर्मशास्त्राचा अभ्यास करून आले. शिंदे यांनी बडोद्याची चाकरी पत्करली नाही. त्यांनी अस्पृश्योद्धाराचे व्रत घेतले. पण म्हणून महाराजांनी त्यांस दूर लोटले नाही. किंबहुना शिंदे यांच्या कार्यास त्यांचा आधार शेवटपर्यंत राहिला. दिलेल्या रुपयाच्या बदल्यात विद्यार्थी आपल्या दारी बांधून ठेवावा, एवढीच ज्याची दृष्टी, तो दाता नव्हे, सावकार होय. महाराजांची दृष्टी त्याहून विशाल होती.

सर्वांत थोर उदाहरण अर्थातच डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे. भीमराव मुंबईच्या एलफिन्स्टन कॉलेजात असता वडिलांची ऐपत संपली. तेव्हा या मुलावर पूर्वीपासून लोभ असणारे चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी खटपट करून महाराजांची भेट घडवून आणली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. इ. स. १९१२ ची बी. ए. ची परीक्षा भीमराव उत्तीर्ण झाले. बडोद्यात नोकरीवर रुजू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार निवर्तले. घरचा कर्ता पुरुष गेला. मागे तरुण पत्नी रमाबाई आणि तान्हे मूल. पुढचे शिक्षण येथेच थांबावयाचे, असे कोणासही वाटले असते.

अशा वेळी महाराज अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी पाठविण्याचा विचार करीत होते. हा काळ स्वतः महाराजांस सुखाचा नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहास योग्य तो मुजरा केला नाही, असा गवगवा होऊन विलायतेतील वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग पाखडली होती, आणि सरकारची वक्रदृष्टी त्यांच्यावर होती. संशयाच्या त्या छायेतही विद्यार्थी परदेशी धाडण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावयाची, अशा त्याच्या मुख्य अटी होत्या. जुलै महिन्यात हा तरुण न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला.

महायुद्धाची वर्षे

आरंभी कोलंबियाच्या वसतिगृहात, मग हिंदी विद्यार्थी राहत अशा एका बिऱ्हाडी, आणि नंतर पुन्हा वसतिगृहात नवल भाथेना या पारशी मित्राच्या सोबतीने भीमराव राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. परदेशात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यास असा एक जिवाचा सोबती मिळणे हे शिष्यवृत्तीच्या रकमेइतकेच मोलाचे असते, हे ज्यांची मुले दूर गेली आहेत त्या आईबापांस आम्ही सांगावयास नको. साडेअकरा पौंडांतून काही भाग घरी रमाबाईंकडे जाई. उरलेल्यात पोट मारून राहावयाचे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घ्यावयाचे.

वर्ष पुरे होते तोच, ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. समुद्रात पाणबुड्यांचा संचार सुरू झाला. टपाल अनियमित झाले, आगबोटींचा भरवसा राहिला नाही, आणि घर व विद्यार्थी यांमधले अंतर दुप्पट झाले. अशा काळात मनाचा तोल सांभाळून अभ्यास करणे सोपे नव्हे. पण बडोद्याची शिष्यवृत्ती चालू राहिली. आणि तिच्या बळावर १९१५ मध्ये एम. ए., १९१६ मध्ये हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील सुप्रसिद्ध निबंध आणि डॉक्टरेटचा प्रबंध अशी कामे या विद्यार्थ्याने पुरी केली. युद्धामुळे दात्याने हात आखडता घेतला असता, तर आपल्या देशाच्या इतिहासातील हे पान कोरे राहिले असते. महाराजांच्या या स्थिर औदार्याचे महत्त्व सांगावे तेवढे थोडे आहे.

१९१६ च्या उन्हाळ्यात भीमराव लंडनला आले. अर्थशास्त्राच्या विद्यालयात आणि ग्रेज इन या बॅरिस्टरीच्या संस्थेत त्यांनी नावे घातली. येथे मात्र कराराची बाजू आड आली. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. अर्धा अभ्यास टाकून निघावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत केव्हाही परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांस मिळाली. दार बंद न करता नुसते लोटून ठेवले. कागदावरच्या त्या चार ओळींनी एका विद्यार्थ्याचे आयुष्य वाचविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

भीमराव ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले. पण त्यांचे ग्रंथ व सामान ज्या आगबोटीने पाठविले होते ती पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. चार वर्षे पोट मारून जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्यास जाण्याचा खर्च भागवावा लागला.

बडोद्यातील अकरा दिवस

आता चरित्राचा जो भाग येतो तो आम्ही जड मनाने लिहितो. परंतु तो गाळला तर या लेखाचे प्रयोजनच उरणार नाही.

महाराजांच्या मनात या तरुणास राज्याच्या मोठ्या अधिकारपदासाठी तयार करावयाचे होते. सप्टेंबर १९१७ मध्ये तो बडोद्यास निघाला, तेव्हा त्यास स्टेशनवरून उतरवून घ्यावे अशी आज्ञाही महाराजांनी दिली होती. पण स्टेशनवर कोणी आले नाही. शहरातील कोणतीही हिंदू खाणावळ त्यास थारा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून तो राहिला. कचेरीत कागद त्याच्या हातात न देता लांबून टाकण्यात येत. धर्मशाळेच्या त्या ओसाड वरच्या मजल्यावर, अंधाऱ्या दिव्याशी, एकट्याने पुस्तक वाचीत त्याने दिवस काढले. राहावयास सरकारी बंगला मिळावा म्हणून त्याने अर्ज केला. अर्ज दिवाणांकडे गेला आणि निर्णय लांबणीवर पडला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची तंबी देऊन गेला. शहरात ओळखीचे दोघे होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडे तो गेला, आणि दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. मधला सारा वेळ कोलंबियाच्या या पदवीधराने कामाठी बागेत उघड्यावर बसून काढला, आणि डोळ्यांतील आसवे पुशीत बडोदे सोडले.

ज्या राजाने हजारो मैलांवरच्या न्यूयॉर्कमध्ये त्याच्या डोक्यावर छत्र धरले, त्याच राजाच्या राजधानीत त्यास निजावयास एक खोली मिळाली नाही. हे कसे घडले? महाराजांची इच्छा नव्हती म्हणून घडले, असे कोणीही म्हणू शकणार नाही. पैसा मंजूर झाला होता, हुकूम सुटला होता, पद ठरले होते. नव्हते ते एवढेच, की हा विद्यार्थी आज कोठे उतरला आहे, जेवला का, निजला कोठे, हे विचारण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे असा एक नेमका माणूस. आणि नव्हते एक उघडे घर. बडोद्यात तेव्हा मराठ्यांचे वाडे पुष्कळ होते. त्यांपैकी एकाचा दरवाजा उघडता, तर त्या घराण्याचे नाव आज आपण या स्मरणिकेत सुवर्णाक्षरांनी लिहिले असते. जातीच्या भिंती राजाज्ञेने पडत नाहीत, घराघरांतून पडतात. ज्ञातिसंस्थेच्या वार्षिकात हे वाक्य कोणास बोचेल, तर ते बोचावे म्हणूनच आम्ही लिहीत आहोत.

पुढील वृत्तान्त सर्वांस ठाऊक आहे. १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून काटकसरीने पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साह्य आणि मित्र भाथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. प्रा. कॅनन यांनी लोटून ठेवलेले दार अजून उघडे होते. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या व ते बॅरिस्टरही झाले. आणि १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्यांनी सयाजीराव महाराजांस, शिक्षणाच्या कामी केलेल्या साह्याबद्दल कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. कामाठी बागेतली ती संध्याकाळ ते विसरले होते असे नव्हे. तथापि शहराचा दोष त्यांनी दात्याच्या माथी मारला नाही. घेणाऱ्याच्या मनाचा हा मोठेपणा देणाऱ्याच्या मोठेपणास शोभेल असाच होता.

उत्तरायुष्य

महाराजही स्वस्थ बसले नाहीत. मार्च १९१८ मध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. एका मोठ्या संस्थानाधिपतीने अशा व्यासपीठावर येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या खाजगी आयुष्यात मात्र दुःखाची रांग लागली होती. पहिल्या राणी चिमणाबाईसाहेब १८८५ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांचे चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले. शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंगराव १९२३ मध्ये. ज्या पित्याने एकामागून एक तरुण मुलगे गमाविले, त्याने परक्यांच्या मुलांस शिकविण्याचे काम एक दिवसही बंद ठेवले नाही.

प्राच्यविद्येच्या ग्रंथमालेचे प्रकाशन १९१६ पासून चालू होते. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले. १९३२ मध्ये कोल्हापुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. बाराव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या मुलाने साहित्यिकांच्या अध्यक्षस्थानी बसावे, यात त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सार आले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. बडोद्यास विद्यापीठ व्हावे ही त्यांची इच्छा त्यांच्यामागे १९४९ मध्ये सफल झाली, आणि ते विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करीत आहे.

आपण काय घ्यावे

हे सर्व आम्ही आजच का लिहितो, असे कोणी विचारील. त्याचे कारण फार लांब शोधावयास नको. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेस शंभर वर्षे पुरी झाली, त्याच मार्च महिन्यात, इ. स. २०२० मध्ये, करोनाच्या साथीने साऱ्या देशाची दारे बंद केली. वसतिगृहे ओस पडली. विमाने थांबली, आणि परदेशी गेलेली मुले कुलूपबंद शहरांतल्या खोल्यांतून अडकून पडली. गावी परतलेली मुले दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर, मिळेल तेथे, झाडाखाली नाहीतर गच्चीवर बसून शिकली. १९२२ नंतर शंभर वर्षांनी, इ. स. २०२२ च्या फेब्रुवारीत, युक्रेनमध्ये वैद्यकी शिकणारी आपल्या देशाची हजारो मुले पुन्हा युद्धात सापडली आणि अभ्यास अर्धा टाकून परतली. काळ बदलला, पाणबुडीच्या जागी दुसरे संकट आले. विद्यार्थ्याचे एकटेपण मात्र तेच राहिले.

महाराजांच्या चरित्रावरून आम्हांस तीन गोष्टी स्पष्ट दिसतात, आणि त्या आम्ही आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे व सर्व सभासद कुटुंबांपुढे नम्रतापूर्वक ठेवतो.

पहिली ही, की संकटाच्या काळात मदत प्रथम चालू ठेवावी आणि हिशेब मागाहून पाहावा. महायुद्धात बडोद्याचा पैसा थांबला नाही, म्हणून तो अभ्यास तगला. साथीत अगर युद्धात ज्याची परीक्षा पुढे ढकलली गेली, त्याची शिष्यवृत्ती नियमावर बोट ठेवून बंद करणे म्हणजे अर्ध्या विहिरीत दोर कापणे होय.

दुसरी ही, की मुदतीचे दार लोटून ठेवावे, त्यास कडी घालू नये. लंडनच्या प्राध्यापकाने दिलेल्या चार वर्षांच्या सवलतीस एक पैही खर्च आला नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष बुडाले, तर त्याचे नाव यादीतून न काढता त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवण्याची तरतूद आपल्या नियमांत असावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही, की प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक घर असावे. पुणे, मुंबई, नागपूर, बंगळूर, तसेच परदेशातील ज्या ज्या शहरी आपली मुले शिकावयास जातात, तेथे एकेका सभासद कुटुंबाने एकेका विद्यार्थ्याचे पालकत्व पत्करावे. मंडळाचा विद्यार्थी स्टेशनवर उतरेल तेव्हा त्यास उतरवून घ्यावयास कोणी तरी गेले पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा त्यास घरी जेवावयास बोलवावे, आजारात पाहावे, त्याच्या आईबापांस ख्यालीखुशाली कळवावी. आणि असे घर उघडताना दारात उभ्या असलेल्या मुलाचे आडनाव विचारू नये. ज्ञातीचा निधी ज्ञातीच्या मुलांसाठी असेल; ज्ञातीच्या घरांचा उंबरा मात्र कोणत्याही एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यासाठी मोकळा असावा. सयाजीराव महाराजांचा अभिमान बाळगणाऱ्यांस एवढे साधणार नसेल, तर तो अभिमान पोकळ होय.

महाराजांजवळ राज्य होते, खजिना होता, आज्ञा होती; आणि तरीही इ. स. १९१७ च्या त्या संध्याकाळी जे कमी पडले, ते एका सामान्य कुटुंबाने सहज पुरविण्याजोगे होते. राज्य आणि खजिना आपणांजवळ नाही. घरे मात्र आहेत. राजांस जे करता आले नाही ते आपणांस करता येण्याजोगे आहे, याहून मोठी संधी ती कोणती? ती सभासद बंधुभगिनींनी घ्यावी, अशी प्रार्थना करून आम्ही हे चरित्रस्मरण पुरे करतो.